गुप्तवार्ता-सेवकांची स्मारके, चंद्रपूर–गडचिरोली

लष्करी अथवा पोलिसी गुप्तवार्ता-सेवेत काम केलेल्या व्यक्तींच्या स्मरणार्थ उभारलेली वा योजिलेली स्मारके आणि त्यांना आधारभूत ठरणारे कायदे. गुप्तवार्ता-सेवेत अधिकारी, हेर, दुभाषे, वाटाडे व खबरे अशा भिन्न दर्जाच्या व्यक्तींचा समावेश होतो. कोणत्याही स्मारकास सामान्यतः तीन गोष्टी लागतात : व्यक्तीचे नाव, तिने केलेले कार्य आणि ते जेथे घडले ते स्थळ. गुप्तवार्ता-सेवेत नेमक्या याच तीन गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात. त्यामुळे रणांगणावर पडलेल्या सैनिकाच्या स्मारकाहून या सेवकांच्या स्मारकाचा प्रश्न वेगळा ठरतो. निधी व जागा उपलब्ध झाल्याने तो सुटत नाही. कोणाचे स्मरण करावयाचे, हे उघडपणे सांगता येईल काय, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसून येतो. पूर्वी हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोली जिल्ह्याचे सु. तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. दाट अरण्य, पावसाळ्यात मार्ग तोडणाऱ्या नद्या, विरळ वस्ती आणि माडिया व गोंडी बोलणारा समाज यांमुळे बाहेरून आलेल्या प्रत्येक सत्तेला या प्रदेशात माहितीसाठी स्थानिक लोकांवर अवलंबून राहावे लागले. १८५८ चा उठाव, १९४२ चे आंदोलन आणि १९८० नंतरचा नक्षलवादी संघर्ष या तिन्ही प्रसंगी शस्त्रबळाइतकेच वार्ता मिळविणे व वार्ता रोखणे यांना महत्त्व आले. तिन्ही प्रसंगांची स्मारके किंवा स्मृतिचिन्हे या भूमीवर आहेत. तथापि वार्ता आणणाऱ्यांचे चिन्ह त्यांत क्वचितच आढळते.

जुनी स्मारक-परंपरा : मृतांसाठी दगड उभे करण्याची रीत या प्रदेशात फार प्राचीन आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात हिरापूर येथे महाश्मयुगीन शिलाकोष्ठे आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीच्या परिसरातही या काळातील दफनस्थळांचे अवशेष नोंदविले गेले आहेत. भामरागड व एटापल्ली या भागांतील माडिया समाजात मृताच्या स्मरणार्थ दगड किंवा लाकडी खांब उभारण्याची प्रथा आधुनिक काळातही टिकून राहिली. लगतच्या बस्तर संस्थानातील अशा स्मृतिस्तंभांचा अभ्यास व्हेरिअर एल्विन यांनी १९४० च्या दशकात केला. हे दगड बहुधा लेखविरहित असतात. दगड कोणाचा, हे कुटुंबाला व गावाला ठाऊक असते आणि तेवढे पुरेसे मानले जाते. त्यांचा खर्च कुटुंब व कुळबंधू करतात आणि कोणत्याही सत्तेची अनुज्ञा त्यासाठी घेतली जात नसे.

राजघराण्याच्या स्मारकांचे उदाहरण चंद्रपूर शहरात आढळते. गोंड राजा बीरशाह याची समाधी त्याची राणी हिराई हिने अठराव्या शतकाच्या प्रारंभी अचलेश्वर मंदिराच्या सान्निध्यात बांधविली. पत्नीने पतीसाठी उभारलेली ही वास्तू पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आली. प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाविषयीचा १९०४ चा अधिनियम व त्याच्या जागी आलेला १९५८ चा अधिनियम यांचा रोख मात्र जुन्या वास्तू जतन करण्यावर आहे. नवे स्मारक कोणी, कोणासाठी व कोठे उभारावे, यासंबंधी त्यांत व्यवस्था नाही.

हेरांच्या स्मृतीचे मराठी परंपरेतील ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या हेरखात्याशी निगडित असलेला बहिर्जी नाईक हा होय. जालन्याच्या स्वारीनंतर (१६७९) अडचणीत सापडलेल्या सैन्यास त्याने आडवाटेने सुखरूप बाहेर काढल्याचे बखरीत सांगितले आहे. सांगली जिल्ह्यातील बाणूरगड (भूपाळगड) येथे त्याची समाधी दाखविली जाते. त्याच्या जीवनाचा विश्वसनीय तपशील मात्र अत्यल्प आहे. यशस्वी हेर इतिहासात कमी दिसतो, याची ही साक्ष म्हणता येईल.

१८५८ चा उठाव : नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केल्यावर चांदा जिल्हा त्यांच्या प्रत्यक्ष अंमलाखाली आला. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके (१८३३–५८) याने गोंड, माडिया व रोहिले यांची फौज जमवून मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर ताबा मिळविला. अडपल्ली–घोटचा जमीनदार व्यंकटराव त्यास येऊन मिळाला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने पाठविलेल्या तुकड्यांशी नांदगाव–घोसरी, बामनपेठ व घोट या ठिकाणी त्यांच्या चकमकी झाल्या.

या उठावात वार्तेचे महत्त्व दोन घटनांवरून ध्यानात येते. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री बंडखोरांनी प्राणहिता नदीकाठच्या चिंचगुंडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला. त्यात गार्टलंड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले आणि पीटर हा त्यांचा सहकारी निसटला. तारयंत्र हे त्या काळी राज्यकर्त्यांचे वार्तावहनाचे सर्वांत वेगवान साधन होते. दुसरी घटना बाबूरावाच्या अटकेची. अरण्यात त्याचा ठावठिकाणा लागत नसल्याने क्रिक्टनने अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्यावर दडपण आणले. तिच्या माणसांच्या मदतीने अखेर सप्टेंबर १८५८ मध्ये बाबूराव पकडला गेला. तत्पूर्वी भोपाळपट्टण येथे तो एकदा हाती लागून निसटला होता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यास चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. बस्तरमध्ये आश्रय घेतलेला व्यंकटराव १८६० मध्ये पकडला जाऊन जन्मठेपेस गेला.

लक्ष्मीबाईला बंडखोरांच्या जप्त जमीनदारीतील अनेक गावे बक्षीस मिळाली. राज्यकर्ते माहिती व साहाय्य देणाऱ्यांचा गौरव त्या काळी गावे, पदव्या व रोख रक्कम यांच्या रूपाने करीत. त्यांचे स्मारक उभारण्याचा प्रघात नव्हता. याउलट ज्याला पकडण्यात आले, त्याची स्मृती लोकांनी जपली. चंद्रपूर कारागृहाच्या आवारातील पिंपळवृक्षाशी बाबूरावाच्या फाशीची आठवण निगडित असून दर वर्षी २१ ऑक्टोबर रोजी तेथे अभिवादनासाठी लोक जमतात. भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले. वाटाडे, निरोपे व पाळतीवरचे लोक दोन्ही बाजूंना होते. परंतु त्यांपैकी फारच थोड्यांची नावे कागदपत्रांत उतरली.

चिमूर, १९४२ : ‘छोडो भारत’ आंदोलनात १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे मोर्चावर गोळीबार होऊन बालाजी रायपूरकर हा युवक मृत्युमुखी पडला. संतप्त जमावाच्या हल्ल्यात उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदार यांच्यासह चार शासकीय सेवक ठार झाले. लोकांनी रस्ते व पूल तोडल्याने चिमूरशी बाहेरचा संपर्क तुटला. तीन दिवसांनी तेथे पोहोचलेल्या सैन्याने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अनन्वित अत्याचार केले. या वार्ता बाहेर येऊ नयेत यासाठी वृत्तपत्रांवर निर्बंध लादण्यात आले. चौकशीच्या मागणीसाठी प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले आणि ते जानेवारी १९४३ मध्ये समाप्त झाले. खटल्यांत अनेकांना देहान्ताची शिक्षा झाली. पुढे लोकमताच्या रेट्यामुळे ती जन्मठेपेत परिवर्तित करण्यात आली.

स्वातंत्र्योत्तर काळात चिमूरच्या लढ्याला महाराष्ट्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले. अब्दुल रहमान अंतुले हे मुख्यमंत्री असताना (१९८०–८२) स्वातंत्र्यलढ्यातील बलिदानाच्या स्थळी हुतात्मा स्मारके उभारण्याची राज्यव्यापी योजना हाती घेण्यात आली आणि सु. दोनशे स्मारके शासकीय खर्चाने बांधली गेली. चिमूर येथेही हुतात्मा स्मारक आहे. या योजनेने स्मारक ही शासनाची जबाबदारी आहे, ही कल्पना राज्यात रुजली. पुढे अनेक ठिकाणी देखभालीअभावी या वास्तूंची पडझड झाली व त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न वारंवार उपस्थित होत राहिला. उभारणीचा खर्च एकदा करावा लागतो, तर देखभालीचा खर्च कायमचा असतो, हे या अनुभवातून दिसून आले.

१९८० नंतरचा संघर्ष : १९८० मध्ये आंध्र प्रदेशातील ‘पीपल्स वॉर’ गटाची पथके गोदावरी ओलांडून सिरोंचा तालुक्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोयाबिनपेठा येथे पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. पुढील चार दशके गडचिरोली जिल्हा व त्याला लागून असलेला चंद्रपूरचा भाग या संघर्षाने ग्रासला होता. १९९० मध्ये पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या काळात साठ जवानांचे ‘सी-६०’ हे विशेष पथक स्थापन झाले. त्यात प्रामुख्याने स्थानिक तरुणांची भरती करण्यात आली. त्यांना माडिया व गोंडी भाषा अवगत होत्या, पायवाटा ठाऊक होत्या आणि गावोगावी नातेसंबंध होते. म्हणजेच लढण्याचे व माहिती मिळविण्याचे काम येथे एकाच व्यक्तीकडे आले.

या काळात पोलिसांची मोठी हानी झाली. २००९ या एकाच वर्षी मरकेगाव, हत्तीगोटा व लाहेरी येथील तीन घटनांत मिळून सु. पन्नास पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा खाजगी चालक यांचा अंत झाला. दुसऱ्या बाजूस एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर–बोरिया परिसरातील कारवाईत ४० आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला येथे २६ नक्षलवादी ठार झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या वरिष्ठ नेत्याने सु. साठ सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे शस्त्रे खाली ठेवली. संघर्षाचा जोर ओसरू लागला, की त्याच्या स्मृतीचा प्रश्न पुढे येतो.

या संघर्षात स्मारके ही स्वतःच वादाचा विषय बनली. नक्षलवाद्यांनी आपल्या मृत साथीदारांसाठी अरण्यात व गावांच्या सीमेवर लाल रंगाचे स्तंभ उभारले. २८ जुलै ते ३ ऑगस्ट या त्यांच्या ‘शहीद सप्ताहा’त तेथे सभा घेतल्या जात. पोलिसांनी असे स्तंभ वेळोवेळी पाडले आणि काही ठिकाणी ते गावकऱ्यांनीच तोडून टाकले. पोलीस दलातील मृतांची नावे जिल्हा मुख्यालयातील स्मारकावर कोरण्यात आली असून दर वर्षी २१ ऑक्टोबर रोजी पोलीस स्मृतिदिनी त्यांना मानवंदना दिली जाते.

या दिनाचे मूळ गुप्तवार्ता-सेवेशी निगडित आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांनी केलेल्या हल्ल्यात दहा भारतीय पोलीस मारले गेले. त्या तुकडीचे नेतृत्व करणारे करमसिंग हे केंद्रीय गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी होते. दिनविशेषात पोलिसांचे बलिदान ठळक झाले. सीमेवरील माहिती मिळविण्याचे जे काम गुप्तवार्ता विभागाकडे होते, त्याचा उल्लेख मात्र मागे पडला. चंद्रपुरात याच तिथीला बाबूराव शेडमाके यांना अभिवादन केले जाते. त्यामुळे राज्यसत्तेविरुद्ध लढलेला व राज्यसत्तेसाठी पडलेले अशा दोहोंचे स्मरण या प्रदेशात एकाच दिवशी होते.

खबऱ्यांचा प्रश्न : संघर्षात सर्वाधिक उपेक्षित राहिलेला वर्ग म्हणजे ‘पोलिसांचा खबऱ्या’ असा आरोप ठेवून मारले गेलेले ग्रामस्थ होत. गडचिरोली जिल्ह्यात अशा मृतांची संख्या शेकड्यांत आहे. २०१८ च्या कसनासूर येथील कारवाईची माहिती दिल्याच्या संशयावरून जानेवारी २०१९ मध्ये त्याच गावातील तीन ग्रामस्थांची हत्या करण्यात आली. अशा हत्यांनंतर प्रेताशेजारी आरोपाचे पत्रक ठेवले जाई. मृत व्यक्तीने खरोखरच माहिती दिली होती काय, याचा निवाडा होणे अशक्यप्राय असे. काहींनी ती दिली असेल. पुष्कळांच्या बाबतीत जमिनीचा वाद, जुने वैर, रस्त्याच्या कामावरील मजुरी किंवा पोलीस ठाण्यात झालेली एखादी फेरी एवढेच संशयाचे कारण असे.

येथे स्मारकाच्या कल्पनेपुढील खरी अडचण दिसते. मृताचे नाव ‘गुप्तवार्ता-सेवक’ म्हणून कोरले, तर मारेकऱ्यांनी ठेवलेल्या आरोपास शासनाने दुजोरा दिल्यासारखे होते आणि त्याचे नातलग संकटात येऊ शकतात. त्याने माहिती दिलीच नसेल, तर त्याच्या नावे खोटी नोंद होते. नाव मुळीच कोरले नाही, तर त्याचे कुटुंब मानापासून वंचित राहते. पगारी अधिकाऱ्याचे नाव निवृत्तीनंतर किंवा काही वर्षांनी उघड करता येते. गावातच राहणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत ‘काही वर्षे’ हा काळ पिढ्यांचा असू शकतो. म्हणून अशा व्यक्तींच्या स्मरणात ‘संघर्षात बळी पडलेला ग्रामस्थ’ एवढाच निर्देश अधिक न्याय्य ठरतो.

परदेशातील विधिविधान : खाजगी देणग्यांतून उभारावयाच्या स्मारकांसाठी तपशीलवार कायदा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. १९८६ च्या स्मारकविषयक अधिनियमानुसार वॉशिंग्टन येथील संघराज्याच्या जमिनीवर स्मारक उभारण्यासाठी काँग्रेसने स्वतंत्र कायदा संमत करावा लागतो. प्रवर्तक संस्थेने ठराविक मुदतीत निधी गोळा करून बांधकामाच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम देखभालीसाठी जमा करावी लागते. व्यक्तीचे स्मारक तिच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांपर्यंत करता येत नाही. लष्करी स्मारक युद्धाचे किंवा सेनादलाच्या संपूर्ण शाखेचे असावे लागते. एखाद्या तुकडीचे स्मारक या कायद्यात बसत नाही. त्यामुळे एखाद्या गुप्तवार्ता-गटाचे स्वतंत्र स्मारक तेथे उभारणे कठीण असते.

दुसऱ्या महायुद्धातील जपानी वंशाच्या अमेरिकन दुभाषांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १ नोव्हेंबर १९४१ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे सुरू झालेल्या लष्करी गुप्तवार्ता-भाषाशाळेतून सु. सहा हजार जण प्रशिक्षित झाले. शत्रूची कागदपत्रे वाचणे, युद्धकैद्यांची जबानी घेणे व संदेश ऐकणे ही त्यांची कामे होती. ब्रह्मदेशाच्या अरण्यात लढलेल्या ‘मेरिल्स मरॉडर्स’ या अमेरिकन पथकातही असे चौदा दुभाषे होते. हे पथक ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस मुंबईत उतरून प्रथम देवळाली येथे राहिले होते. या दुभाषांपैकी अनेकांचे कुटुंबीय याच काळात त्यांच्याच देशात छावण्यांत बंदिस्त होते. त्यांच्या कार्याची माहिती युद्धानंतर अनेक वर्षे गुप्त राहिली. १९९२ च्या कायद्याने अनुमती मिळालेले व खाजगी देणग्यांतून उभारलेले वॉशिंग्टन येथील जपानी अमेरिकन स्मारक २००० मध्ये खुले झाले. त्यावर छावण्यांची तसेच युद्धात मृत्यू पावलेल्या आठशेहून अधिक सैनिकांची नावे आहेत. केवळ गुप्तवार्ता-सेवेचे स्मारक न करता समाजाने सोसलेला अन्याय व त्याने केलेली सेवा यांचे एकत्र स्मरण करण्याचा मार्ग येथे स्वीकारला गेला. अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेने १९७४ मध्ये आपल्या मुख्यालयातील भिंतीवर प्रत्येक मृतासाठी एक तारा कोरण्यास प्रारंभ केला. त्यासोबतच्या नोंदवहीत काहींच्या नावाची जागा कोरीच ठेवलेली असते.

भारतातील विधिविधान : भारतात स्मारकांच्या मंजुरीसंबंधी असा सर्वसाधारण कायदा नाही. विशिष्ट स्मारकांसाठी मात्र कायदे झाले आहेत. कलकत्त्यातील व्हिक्टोरिया स्मारक संस्थानिक व जनता यांच्या देणग्यांतून उभे राहिले आणि त्याच्या व्यवस्थेसाठी १९०३ मध्ये अधिनियम करण्यात आला. अमृतसर येथील जालियनवाला बागेची जागा १९१९ च्या हत्याकांडानंतर लोकवर्गणीतून खरेदी करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या जालियनवाला बाग राष्ट्रीय स्मारक अधिनियमाने तिच्यासाठी विश्वस्त मंडळ स्थापन झाले व १९६१ मध्ये स्मारकाचे उद्घाटन झाले. विश्वस्त कोण असावेत, या मुद्यावर या अधिनियमात पुढे २००६ व २०१९ मध्ये दुरुस्त्या झाल्या. लोकवर्गणीच्या स्मारकासही कायद्याचे रूप मिळाले, की त्याच्या व्यवस्थापनात राजकीय मतभेद शिरू शकतात, हे त्यावरून दिसते.

चंद्रपूर–गडचिरोलीत गुप्तवार्ता-सेवकांचे स्मारक खाजगी निधीतून व कायद्याच्या आधारे उभारावयाचे झाल्यास प्रथम विधानाधिकाराचा विचार करावा लागेल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार संरक्षणदले व केंद्रीय गुप्तवार्ता विभाग हे विषय केंद्राकडे आहेत. पोलीस, जमीन आणि राज्याने चालविलेली वा अर्थसाहाय्य दिलेली संग्रहालये व तत्सम संस्था हे विषय राज्याकडे आहेत. वने, न्यास व धर्मादाय संस्था हे समवर्ती सूचीत आहेत. म्हणून राज्य पोलिसांच्या सेवकांपुरता कायदा राज्य विधानमंडळास करता येईल. सैन्यातील गुप्तवार्ता-सेवकांना त्यात सामावून घ्यावयाचे तर केंद्राचा सहभाग अपरिहार्य ठरेल.

दुसरी अडचण सेवकांच्या व्याख्येची आहे. भारतातील प्रमुख गुप्तवार्ता संस्था संसदेच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत. त्यांना वैधानिक चौकट देण्यासाठी मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने माहिती उघड करण्यावर बंधन आहे. १९८५ च्या अधिनियमाने या संस्थांतील सेवारत कर्मचाऱ्यांच्या संघटनास्वातंत्र्यावर मर्यादा घातल्या आहेत, तर २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीने निवृत्त अधिकाऱ्यांना आपल्या कार्यक्षेत्राविषयी लेखन प्रसिद्ध करण्यापूर्वी अनुमती घेणे आवश्यक केले. खाजगी निधीतून होणाऱ्या स्मारकामागे बहुधा जुन्या सहकाऱ्यांची संघटना असते. गुप्तवार्ता-सेवेत नेमकी तीच उभी राहणे कठीण असते आणि सेवेची कहाणी सांगून देणग्या मागणे त्याहून कठीण असते.

तिसरा प्रश्न जमिनीचा आहे. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानुसार वनजमिनीचा वनेतर उपयोग करण्यास केंद्राची पूर्वमान्यता लागते. २०२३ च्या दुरुस्तीने नक्षलग्रस्त भागात पाच हेक्टरपर्यंतच्या, केंद्राने विनिर्दिष्ट केलेल्या संरक्षणविषयक, निमलष्करी छावण्यांच्या व सार्वजनिक उपयोगाच्या प्रकल्पांना सवलत दिली आहे. परंतु स्मारकाचा तीत स्पष्ट उल्लेख नाही. २००६ च्या वनहक्क अधिनियमात ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येईल अशा तेरा सुविधांची यादी आहे. तीत शाळा, दवाखाना, रस्ता, तलाव व समाजमंदिर यांचा समावेश होतो, स्मारकाचा नाही. शिवाय गडचिरोलीचा बराच भाग व चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने ग्रामसभेस आपल्या रूढी, सांस्कृतिक वारसा व सामूहिक साधनसंपत्ती यांच्या जतनाचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभा या अधिकारांचा वापर करीत आल्या आहेत. त्यामुळे गावाच्या हद्दीतील स्मारकाचा निर्णय देणगीदार किंवा खाते यांना परस्पर घेता येणार नाही.

चौथा प्रश्न देखभालीचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला न्यास निधी व हिशेब सांभाळू शकतो. मात्र हुतात्मा स्मारकांचा अनुभव पाहता कायम निधीची तरतूद आरंभीच करणे आवश्यक ठरते. अमेरिकन कायद्यातील दहा टक्क्यांच्या तरतुदीसारखा नियम या बाबतीत उपयुक्त होऊ शकेल.

मूल्यमापन : नवी दिल्लीतील राष्ट्रीय पोलीस स्मारक (२०१८) व राष्ट्रीय युद्ध स्मारक (२०१९) यांवर कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्यांची हजारो नावे कोरली आहेत. पोलीस स्मारकावर उद्घाटनाच्या वेळी ३४,८४४ नावे होती. या स्मारकांचा निकष मृत्यूचा आहे. गुप्तवार्ता-सेवेत आयुष्य घालवून नैसर्गिक मृत्यू आलेल्यास किंवा कोणत्याही हजेरीपटावर नाव नसलेल्या खबऱ्यास त्यांत स्थान मिळत नाही. चंद्रपूर–गडचिरोलीच्या इतिहासावरून असे दिसते, की नाव, कार्य व स्थळ जाहीर करण्याचा आग्रह धरणारा कायदा या प्रदेशातील मृतांना न्याय देऊ शकणार नाही. नाव कोरण्यास कुटुंबाची संमती, स्थळासाठी ग्रामसभेची संमती, कारणाविषयी मौन आणि देखभालीची कायम तरतूद या चार गोष्टी अशा कोणत्याही कायद्यात असाव्या लागतील. लेख नसलेला आणि तरीही गावास ओळखू येणारा माडियांचा स्मृतिपाषाण हा या दृष्टीने या प्रदेशातील सर्वांत जुना व आजही उपलब्ध असलेला नमुना होय.